सुटं की फिटिंगचं

सिहोऱ्याला आम्ही घर बांधायला काढलं तेव्हा नवऱ्यानं स्वयंपाकघराचा निर्णय माझ्यावर सोडला. तो शाळेत कारकून, मी गावच्या उपकेंद्रात नर्स. गावात मला सगळे सिस्टर म्हणतात. बारा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढल्यावर धानाच्या बांध्यांना लागून एक प्लॉट मिळाला होता, आणि भिंती छतापर्यंत आल्या होत्या.

मला सगळं सुटं हवं होतं. पायांवर उभं राहणारं कपाट, शेगडीचं टेबल, भांड्यांचा रॅक. चार माणसांनी उचललं की टेम्पोत चढेल असं. आईला फिटिंगचं हवं होतं, भिंतीत पक्कं बसवलेलं. दोन बायकांचं असं मतभेदाचं बोलणं कोणत्याही घरात होतं. आमच्या घरात ते बोलणं रक्तापर्यंत गेलं, आणि त्यात सगळ्यात वाईट हात माझा चालला. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

माझे बाबा चिखल्याच्या खाणीत जमिनीखाली काम करायचे. आम्ही कॉलनीत राहायचो, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. रात्रपाळी असली की बाबा दिवसा झोपायचे. त्यांची खाट पुढच्या खोलीत, मागच्या खोलीत स्वयंपाक, आणि मध्ये दार नव्हतं, नुसता पडदा. त्यामुळे आमच्या घरातली मारहाण रात्रीची नसायची. ती दुपारची असायची, शेजारच्या बाया दारात बसून तांदूळ निवडत असताना.

बाबा दारू पीत नव्हते. शिव्याही देत नव्हते. झारा खाली पडला, ताटावर ताट आपटलं, की आधी खाट करकरायची. मग पडदा बाजूला व्हायचा आणि जे हाताशी असेल ते ते उचलायचे. पोळपाट, पिठाचा डबा, एकदा उकळत्या भाताचं पातेलं. फेकून झालं की आईच्या पाठीत दोन-तीन बुक्क्या, आणि पुन्हा खाटेवर. पाच मिनिटांत त्यांचं घोरणं सुरू व्हायचं. मला माराहून त्या घोरण्याचा जास्त राग यायचा.

आईनं मग आवाज काढायचाच बंद केला. रॅकच्या प्रत्येक फळीवर जुन्या लुगड्याचे तुकडे अंथरले. कुकरची शिटी व्हायच्या आत ती कुकर उतरवायची, म्हणून आमच्या घरची डाळ कायम कच्ची असायची. आम्हा भावंडांनाही ती बोटानं खुणा करायची. मी शाळेत उत्तर द्यायला उभी राहिले की गुरुजी म्हणायचे, जरा मोठ्यानं बोल.

मी सातवीत होते आणि धाकटा भाऊ तिसरीत, तेव्हाची ती दुपार. भावाच्या हातून स्टीलचा गिलास सुटला. फरशीवर पडून तो गोल गोल फिरत राहिला, आणि मी, आई, भाऊ, तिघंही तो थांबायची वाट पाहत नुसती उभी राहिलो. खाट करकरली. आई झटकन भावाच्या पुढे झाली.

बाबा आत आले तेव्हा ती म्हणाली, "माह्या हातून पडला."

त्या दिवशी बाबांनी जाळीचं कपाट ओढलं. दूध, लोणचं, सगळं ज्यात असायचं ते माणसाएवढं उंच लाकडी कपाट. ते आईच्या अंगावर आलं. तिनं भावाला मागं ढकललं आणि डावा हात वर केला. लोणच्याची बरणी फुटली. फरशीवर तेल पसरलं आणि त्या तेलात तिचं रक्त मिसळत नव्हतं, वेगळं वेगळं वाहत होतं, हे मला अजून दिसतं. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वाकत नाहीत. दवाखान्यात तिनं सांगितलं की कपाट साफ करताना अंगावर पडलं. बाबा तिचा केसपेपर हातात धरून शेजारीच उभे होते.

चार दिवसांनी आई आम्हा दोघांना घेऊन आंबागडला मामाकडे गेली. मला वाटलं, आता सुटलो. नवव्या दिवशी ती परत निघाली.

मामा म्हणाला, "राय ना अजून. कायले जातं?"

आई म्हणाली, "वहिनीच्या चुलीपाशी मी किती दिस बसू? माही भांडी तिकडं पडून हायत."

आम्ही परत गेलो. बाबांनी कपाट उभं करून ठेवलं होतं, तुटलेल्या पायाला तार गुंडाळून. आईनं एका हातानं त्यात भांडी लावली. मामाकडे बैलांची बंडी होती. आमच्या स्वयंपाकघरात होतं तेवढं सगळं त्या एका बंडीत मावलं असतं. कोणाच्या डोक्यात ते आलं नाही, माझ्या आलं. आपलं स्वयंपाकघर उचलून नेता आलं पाहिजे, हे मी तेव्हा ठरवलं.

बाबा निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत गेले. भाऊ ट्रकवर लागला, मँगनीज भरून न्यायचा. आई चिखल्याला त्याच्याजवळच राहायची. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि एक दिवस बायको मुलीला घेऊन माहेरी निघून गेली. भाऊ म्हणायचा तिचा स्वभाव तापट आहे. आई काहीच म्हणायची नाही. घर बांधायला काढलं त्याच उन्हाळ्यात आई एकटीच बसनं सिहोऱ्याला आली. पिशवीत दोन लुगडी आणि भुवईवर फाटलेली जखम.

"नळावर घसरली," ती म्हणाली.

मी जखम धुतली. नळावर घसरलेल्या माणसाची भुवई अशी फाटत नाही हे मला कळत होतं, आणि मला कळतं आहे हे तिला कळत होतं. मी तिला परत पाठवलं नाही.

तुमसरला एका दुकानात दोन्ही प्रकारचे नमुने मांडलेले होते. मी आईलाही बरोबर नेलं. दुकान चालवणारा मिस्त्री स्वतःच सुतार होता, चाळिशीचा, सावकाश बोलणारा. त्यानं ओट्याखालच्या ट्रॉल्या दाखवल्या.

"फिटिंगवालं म्हणजे भिंतीचंच होऊन जाते, सिस्टर," तो म्हणाला. "उद्या काढतो म्हणान तं तुटून निघते. सुटं पायजे असन तं हे बघा, टेबल, कपाट, कुठंबी न्या."

मी टेबल हलवून पाहत होते. मागं आईनं एक ट्रॉली ओढली आणि लोटली. ट्रॉली वेगानं गेली, शेवटच्या चार बोटांवर थबकली आणि आपोआप हळूच मिटली.

आईनं विचारलं, "आवाज नाही होत?"

"नाही होत आजी. कितीबी जोरानं लोटा."

तिनं पुन्हा ओढली आणि तळहातानं ढकलली. मग मुठीनं. मग तिनं पदर खोचला आणि अंगातल्या सगळ्या ताकदीनं ती ट्रॉलीला मारू लागली. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. दात आवळलेले, मानेच्या शिरा वर आलेल्या. ट्रॉली प्रत्येक वेळी शांतपणे मिटत होती. मिस्त्री माझ्याकडे पाहायला लागला. मी आईचा दंड धरला तेव्हा तिला दम लागला होता.

ती म्हणाली, "मले हेच पायजे."

घरी आल्यावर आमचं भांडण झालं. मी तिला सांगितलं की मला भिंतीत अडकलेलं काही नको.

आई म्हणाली, "तुले हे घर सोडून कुठं जायचं हाय?"

"कुठंच नाही."

"मंग सुटं कायले पायजे? सुटं असलं का उचलून फेकता येते. तुले मालूम नाही का?"

"इथं कोन फेकणार हाय? माह्या नवऱ्यानं कधी चमचा फेकला का?"

"कोनाचं सांगता येत नाही."

मला राग आला. नवऱ्यासाठी नाही, जुना राग. मी म्हणाले, "तू आंबागडावरून भांड्यांपायी परत आली. तुह्या चार भांड्यांपायी आम्ही दोघांनी त्या घरात अजून दहा वर्षं मार पायला."

आईनं माझ्या तोंडात मारली. उजव्या हातानं, पूर्ण जोर लावून. माझं वय तेव्हा एकेचाळीस होतं. कानात घणघण व्हायला लागलं. ती मटकन खाली बसली आणि सूप पुढे ओढून तांदूळ निवडायला लागली, जणू मी तिथं नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला फोन करून फिटिंगचं करा म्हणून सांगितलं. निर्णय असा झाला. तिच्या म्हणण्यात काही तथ्य आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. मी फक्त हरले होते.

महिनाभरात ओटा झाला, वर ग्रॅनाइट बसलं, सिंक बसलं, खालच्या ट्रॉल्या लागल्या. वरची चार कपाटं तयार होऊन जमिनीवर पेपरांवर ठेवलेली होती. ती भिंतीत बसवायच्या दिवशी मी अर्धी रजा घेतली होती. सकाळचे अकरा वाजले असतील. मिस्त्री शिडीच्या घोड्यावर चढून ड्रिलनं भिंतीला भोकं पाडत होता, आई ग्रॅनाइटवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसत होती. ड्रिलच्या आवाजात रस्त्यावर ट्रक थांबल्याचं कोणाला ऐकू आलं नाही. मी वळले तर भाऊ दारात उभा.

तो प्यायलेला नव्हता. हे मी नंतरही जिथं सांगावं लागलं तिथं सांगितलं.

"आई, चाल," तो म्हणाला. "गाडी उभी हाय."

"कुठं?"

"घरी. अजून कुठं?"

"मी येत नाही," आई म्हणाली. फडकं तिच्या हातातच होतं.

"दोन महिन्यांपासून धाब्यावर जेवून राहिलो मी. लोक इचारतात, माय कुठं गेली म्हणून. काय सांगू त्यायले?"

मी मध्ये म्हणाले, "तू बाहेर चल. बसून बोलू."

"तुह्याशी बोलून नाही राहिलो मी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, आणि त्यानं आईचा दंड धरला.

आईनं सिंकमध्ये दोन्ही हात घातले आणि काठ पकडला. तो ओढत होता, ती सोडत नव्हती. तिच्या पोलक्याची बाही खांद्यापासून फाटली. सत्तरीची बाई, डाव्या हाताची दोन बोटं ताठ, आणि माझा ट्रक चालवणारा भाऊ तिला हलवू शकत नव्हता. ओटा हलत नव्हता म्हणून ती हलत नव्हती. मी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होते. त्यानं एका कोपरानं मला भिंतीवर फेकलं. ओठ फुटला, तोंडात रक्ताची चव आली.

मग त्यानं आईला सोडलं, खाली वाकला आणि जमिनीवरचं एक कपाट उचललं. डोक्याच्या वर नेलं. बाबा उचलायचे तसंच, गुडघे थोडे वाकवून. फेकलं. कपाट ग्रॅनाइटच्या कोपऱ्यावर आपटून फुटलं आणि त्याची एक फळी आईच्या कानावर बसली. कान फाटला. ती ओट्याला धरूनच खाली बसली. मिस्त्री घोड्यावरून उतरून भिंतीला चिकटला होता, हातात ड्रिल तसंच फिरत होतं.

भावानं दुसरं कपाट उचललं.

घोड्याच्या वरच्या फळीवर हातोडा होता. तो मी कधी घेतला हे आठवत नाही, मारलेलं आठवतं. पहिला फटका मनगटावर बसला. कपाट त्याच्या हातून सुटून त्याच्याच पायावर पडलं. तो खाली बसला, मनगट पोटाशी धरून. त्यानं वर माझ्याकडे पाहिलं.

"ताई," तो म्हणाला. तिसरीतल्या पोराचा आवाज होता तो.

मी पुन्हा मारलं. उजव्या खांद्यावर, दोन्ही हातांनी हातोडा धरून. मी नर्स आहे, हाड मोडल्याचा आवाज मला ओळखू येतो. तिसऱ्यांदा हात वर नेला तेव्हा मिस्त्रीनं मागून माझी मनगटं धरली.

"सिस्टर, बस. बस झालं," तो म्हणाला.

पहिला फटका आईला वाचवायला होता. दुसरा मारला तेव्हा वाचवायला कोणी उरलं नव्हतं, तो बसलेला होता. त्या वेळी मला बरं वाटलं, हे लिहायला मला खूप दिवस लागले. दुसरा फटका बसला तेव्हा अंगात गार पाणी गेल्यासारखं बरं वाटलं. त्यात माझ्या भावाला मारल्याचं होतं की बाबांना, हा विचार मी नंतर केला, पण मोडलेला खांदा भावाचा होता.

त्यानंतरचं मी सगळं नीट केलं, शिकवल्याप्रमाणे. ओढणीची झोळी करून त्याचा हात गळ्यात बांधला. आईच्या कानावर घडी दाबून धरली. मिस्त्रीनं आपली पिकअप काढली आणि आम्ही तुमसरला दवाखान्यात गेलो. भाऊ खड्ड्याखड्ड्याला कण्हत होता आणि आई आपल्या पदरानं त्याचा घाम पुसत होती.

डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "किचनचं कपाट बसवत होते साहेब. वरून दोघायच्या अंगावर पडलं."

डॉक्टरांनी भावाचं मनगट पाहिलं. त्यावर हातोड्याच्या तोंडाएवढा गोल वळ होता. त्यांनी भावाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "हो. कपाट." डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. केसपेपर माझ्या हातात होता. बाबा उभे राहायचे तशी मी उभी होते, आणि गप्प होते.

दवाखान्यातून निघताना आई त्याच्याबरोबर चिखल्याला निघाली. कानाला टाके, अंगावर फाटकं पोलकं.

मी म्हणाले, "तू येडी झाली का? तो आज तुले मारून टाकत होता."

"त्याचा हात मोडला हाय," ती म्हणाली. "त्याले कोन भरवन?"

"मी मोडला, मी भरवीन. त्याले इकडं आन."

भावानं मान वळवली. आई त्याच्या मागं गेली.

नवऱ्याला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पहिला समजला मला. दुसरा काहून?" त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. पण पुढे बरेच दिवस मी लाटणं हातात घेऊन वळले की तो बोलता बोलता थांबायचा. त्याच्या लक्षात यायचं नाही, माझ्या यायचं.

मिस्त्री परत आला नाही. उरलेल्या कामाला त्यानं दुसरा माणूस पाठवला. वरची कपाटं मी बसवलीच नाहीत. भिंतीतली भोकं पुट्टीनं बुजवून घेतली आणि भांड्यांसाठी एक सुटं कपाट आणून कोपऱ्यात उभं केलं. खालच्या ट्रॉल्या आहेत तशा आहेत.

भावाचं प्लास्टर अजून निघालं नव्हतं तेव्हा त्याची बायको मला भेटायला उपकेंद्रात आली. पेशंट गेल्यावर ती समोरच्या स्टुलावर बसली. तिच्या वडिलांनी कोर्टात अर्ज टाकला होता.

ती म्हणाली, "तुम्ही मारलं म्हणतात त्यायले."

"हो."

"मंग सांगसान का कोर्टात? ते कसे मारत होते ते?"

मी हो म्हणाले. तिच्या वकिलासमोर बसून सगळं लिहून दिलं. आईची भुवई, ओढाओढी, फुटलेलं कपाट. मग माझे दोन फटकेही सांगितले. वकील म्हणाले, "दुसऱ्याची गरज नाही, तुम्ही अडचणीत याल." मी म्हणाले, लिहायचं असेल तर दोन्ही लिहा, नाहीतर मी सही करत नाही. त्यांनी दोन्ही लिहिले. त्याचं माझ्यावर अजून काही झालेलं नाही. होईलही.

हे भावाला कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं आईला पिशवीसकट सिहोऱ्याच्या बसमध्ये बसवून दिलं. "तिच्यापाशीच राय आता," एवढंच बोलला म्हणे. आई आली, हातपाय धुतले, चहा घेतला. आठ-दहा दिवस माझ्याशी बोलली नाही. नवऱ्याशी बोलायची, विहारात जाऊन यायची, स्वयंपाक करायची.

मग एका दुपारी मी जेवत असताना ती समोर बसली.

"तू बाबावर गेली," ती म्हणाली. "मले वाटे, पोरगा गेला. दोघंबी गेले तुम्ही."

"मालूम हाय," मी म्हणाले.

तिनं माझ्या ताटात अजून एक पोळी वाढली. मी ती खाल्ली.

आता भाऊ महिन्या-दोन महिन्यांतून कधी या रस्त्यानं जातो. घरात येत नाही, मीही बोलावत नाही. ट्रक मोठ्या रस्त्याला थांबवतो आणि आईला फोन करतो. आई डबा घेऊन जाते. त्याची बायको परत आली नाही. मुलीला भेटायचं तर तो कोर्टानं ठरवून दिलेल्या दिवशी जातो. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. स्टिअरिंग धरता येतं, केबिनमध्ये चढायला त्रास होतो. आई डबा देऊन येईपर्यंत मी खिडकीत उभी असते, आणि तो डाव्या हातानं दांडा धरून वर चढताना मला दिसतो.